तळहातावरची नावं

हे लिहायला बसण्याआधी मी वामन पगारेंना फोन केला. म्हटलं, तुमच्यावर लिहू का? पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाले, "माज्यावर काय लिहिताय ताई? बरं, लिहा. माजं नाव टाका, माज्या गावाचं टाका. तिचं नको."

"तिचं" म्हणजे कुणाचं, हे मला विचारावं लागलं नाही. म्हणून या लेखात एका बाईचं नाव येणार नाही, तिच्या गावाचंही नाही. नेवासा तालुक्यातलं एक गाव, एवढ्यावर भागवून घ्या. बाकी सगळं मला जसं आठवतंय तसं सांगते.

पगारे आमच्या दैनिकाच्या नगर कचेरीत प्रेस फोटोग्राफर होते आणि मी डेस्कवर. जिल्ह्याचं नाव बदललं, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या, तरी पगारे अजून त्यांच्या गावाहून, कोल्हारहून, निघाले की "नगरला चाललोय" असंच म्हणतात. डेस्कवरची माणसं म्हणजे ज्यांना सगळं जग फक्त कागदावर भेटतं अशी. फोटोखालच्या दोन ओळी लिहिणं हे माझं काम. "मोर्चात सहभागी झालेले कामगार", "पाण्यासाठी रांगेत उभ्या महिला" असल्या ओळी मी झोपेतही लिहू शकले असते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तशाच लिहायचे. पगारे आमच्याकडे आले आणि माझी ती झोप मोडली.

पहिल्याच दिवशी ते कुठल्याशा कारखान्याच्या कामगारांचा मोर्चा टिपून आले. फोटो संगणकावर उतरवले, माझ्या टेबलाशी आले आणि डावा तळहात माझ्या नाकासमोर धरला. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत निळ्या बॉलपेननं बारीक अक्षरात नावं लिहिलेली.

"लिव्हा," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"नावं. डावीकडनं उजवीकडं. पयले दत्तू, ते चष्मेवाले. त्यांच्या मागं अर्धं तोंड दिसतंय त्या सिंधूबाई."

मी मोजली. नऊ नावं होती. म्हटलं, "पगारे, दोन ओळींत नऊ नावं बसत नाहीत."

"मंग फोटू ल्हान करा."

वीस वर्षांत माझ्यासमोर अनेक फोटोग्राफर येऊन फोटो मोठा करा म्हणून भांडून गेलेत. स्वतःचा फोटो लहान करा म्हणणारा हा एकच माणूस. त्या दिवशी मी वैतागून पाच नावं घेतली आणि चार कापली. दुसऱ्या दिवशी पगारे सकाळीच अंक घेऊन आले, कापलेली चार नावं मला तोंडपाठ म्हणून दाखवली आणि निघून गेले. त्यापेक्षा भांडले असते तर बरं वाटलं असतं.

अंगकाठी बारकी, मिशी भरघोस, आणि पँटचे गुडघे कायम मातीनं माखलेले. कारण हा माणूस उभ्यानं फोटो काढायचाच नाही. समोरचा बसलेला असेल तर हेही जमिनीवर बसणार, समोरचा रडत वाकलेला असेल तर हे गुडघ्यावर. "वरनं काडला की मानूस भिकारी दिसतो," म्हणायचे. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात कॅमेरा, एक पंचा आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी. त्यांच्या बायकोची तक्रार अशी, की बाकी सगळ्या नवऱ्यांच्या पँटा मागून विरतात, आमच्यांच्या पुढून.

मी एकदा विचारलं, नावं वहीत का नाही लिहीत? म्हणाले, "वही काडली की मानूस पोलीस आल्यावानी बघतो. हातावर लिव्हाया लागलं की हसतो. हसला की नाव खरं सांगतो." पण हातावरची शाई घामानं पुसते. म्हणून कामावरून परतले की ते आधी माझ्या टेबलाशी येणार, मगच हात धुणार, मग डबा. पावसाळ्यात तर डाव्या हाताला दुधाची रिकामी पिशवी रबरानं बांधून मोटारसायकल चालवत यायचे. एकदा चौकातल्या पोलिसानं त्यांना थांबवून, हात भाजलाय का, म्हणून काळजीनं विचारलं होतं.

हे नावांचं वेड त्यांना कुठून लागलं, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. तरुणपणी ते राहुरीच्या एका स्टुडिओत लग्नाचे फोटो काढायचे. "लग्नाच्या पत्रिकेत बगा ताई, समद्यांची नावं आस्त्यात. चुलते, मामे, मयत झालेले आजोबा, 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हननारी दोन वर्साची पोरं. कुनाचं ऱ्हायलं तर वर्सवर्स बोलनं बंद. आन् पेपरात गरिबाचा फोटू आला की खाली काय? तर 'एक महिला'. नाव नसल्याला फोटू म्हंजी चोरीचा माल."

त्यांचे नियम बरेच होते, पण दोन कधीच चुकले नाहीत. पहिला चहाचा. फोटो काढून होईपर्यंत त्या घरातलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. चहा घेतला की डोळा मिंधा होतो, असं त्यांचं म्हणणं. फोटो झाला की मात्र ज्याच्या दारात असतील त्याच्याकडे हक्कानं चहा मागायचे, मग ते घर पालाचं असो की पाटलाचं. दुसरा नियम, ज्याचा फोटो छापून आला त्याला आठवड्याभरात एक चांगली प्रत स्वतः नेऊन द्यायची. पाकिटावर नाव घालून. पोस्टानं नाही. त्यासाठी स्वतःची रजा घालवायचे. मी हसायचे. मला तो जरा जास्तीचा उत्साह वाटायचा.

एकदा एक मंत्रिमहोदय गारपिटीची पाहणी करायला राहुरीकडच्या डाळिंबाच्या बागेत उतरले. पांढरेशुभ्र कपडे, पायाखाली गारांनी झडलेली फळं, आणि मागे गावचा कोतवाल, स्वतः भिजत त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा. सगळ्या वर्तमानपत्रांत तोच फोटो आला. आमच्या फोटोखाली मात्र छापलं होतं: "बागेची पाहणी करताना मंत्री. छत्री धरलेले कोतवाल रंगनाथ." मंत्र्याचं नाव नाहीच! ती चूक माझी नव्हती. पगारे तळहात दाखवून म्हणाले होते, "मंत्र्याचं नाव समद्यांना ठावं हाय, रंगनाथचं टाका," आणि दोन नावांना जागा नव्हती म्हणून मी तेवढंच टाकलं होतं. संपादक लालेलाल झाले. आठ दिवसांनी पगारे प्रत द्यायला गेले तेव्हा रंगनाथनं तो फोटो आधीच कापून चौकटीत बसवला होता. मंत्र्याचा खांदा चौकटीत मावत नव्हता म्हणून तो त्यानं कात्रीनं उडवला होता.

दुसरी गोष्ट दगडफेकीची. शहरात दोन गटांत काहीतरी पेटलं, बाजारपेठेत शटरं धडाधड खाली आली. पगारे दुपारी कचेरीत आले ते कपाळाला पंचा दाबून. पंचा लाल झालेला. टाके घालायला चला म्हटलं तर म्हणे, आधी फोटो. तेवढ्यात दोन्हीकडची दहा-बारा पोरं जिन्यानं वर आली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही पोरं एका मागणीवर मात्र एक होती: आमचे फोटो पुसा. पगारेंनी शांतपणे खुर्ची ओढली, बॉलपेन काढलं आणि डावा तळहात गुडघ्यावर पसरला.

"छापायचा का न्हाई ते मागनं बगू," ते म्हणाले. "आदी नावं सांगा. बरूबर लिव्हली पायजेल. तुमचं काय हो, निळ्या शर्टवाले?"

निळा शर्ट दारातल्या दुसऱ्याकडे बघायला लागला, दुसरा तिसऱ्याकडे. दोन मिनिटांत जिना रिकामा. पगारे कपाळावरचा पंचा उलटून म्हणाले, "बगा ताई. नाव सांगा म्हटलं की दगड मारनारा पळतो. दगड खाल्ल्याला थांबतो आन् सांगतो."

त्या वाक्यावर आम्ही पुढे कित्येक दिवस खूश होतो. दगड खाल्लेल्यानं नाव सांगितल्यावर त्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नाही. मला तर नाहीच.

मग ते नेवाशाकडचं गाव आलं.

त्या गावातल्या बौद्ध वस्तीतली एक म्हातारी आदल्या संध्याकाळी वारली होती. घरात ती आणि तिची पस्तिशीची लेक, आणि लेकीची शाळेत जाणारी मुलगी. सकाळी वस्तीतली माणसं तिरडी घेऊन निघाली तर स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकून ठेवलेल्या. वाट दोन शेतांच्या मधून जायची. शेतमालक म्हणत होता, ही जमीन माझी, वहिवाट दाखवा. तिरडी रस्त्यावर ठेवून माणसं त्याची समजूत घालत बसली. पोलिसांना फोन गेले. ऊन चढलं. पगारे पोचले तेव्हा दुपार होत आली होती.

पुरुष बोलत होते आणि ती लेक काट्या उपसत होती. नुसत्या हातांनी. पगारेंनी गुडघ्यावर बसून तो फोटो घेतला: दोन्ही हात काट्यांत, कोपरापर्यंत रक्ताचे ओरखडे, पदर कमरेला खोचलेला, नजर काट्यांवर. आणि तिच्या मागे रस्त्यावर पांढऱ्या कापडाखाली आई.

तो फोटो मी पडद्यावर मोठा करून पाहिला. पगारेंनी तळहात पुढे केला. त्यावर एकच नाव होतं. मी ओळ लिहिली: तिचं पूर्ण नाव, गाव, तालुका. दोनदा तपासली. फोटो सगळ्या आवृत्त्यांत पहिल्या पानावर गेला. मुंबई-पुण्याहून फोन आले. त्या ओळीचा मला अभिमान वाटत होता, हे कबूल करते. इतकी वर्षं "एक महिला" लिहिणारी मी, या वेळी पूर्ण नाव लिहिलं होतं.

म्हातारीचे अंत्यसंस्कार फोटो काढला त्याच संध्याकाळी पोलीस बंदोबस्तात झाले. गुन्हा नोंदवला गेला. पुढारी येऊन गेले. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी काट्या पुन्हा जागेवर आल्या.

मध्ये दुसरीकडे आंदोलन सुरू झालं, त्यामुळे प्रत द्यायला जायला पगारेंना या वेळी महिना लागला. ते संध्याकाळी परत आले आणि माझ्या टेबलाशी बसले. पाकीट त्यांच्या हातातच होतं.

"कुलूप हाय," ते म्हणाले.

गावात तिला कुणी शिवी दिली नव्हती, हात लावला नव्हता. तसं काही झालं असतं तर पोलिसांत तरी सांगता आलं असतं. ती मजुरीवर जगणारी बाई. कांदा काढायला बायकांची टोळी टेम्पोतून निघायची, आणि टेम्पो तिच्या दारावरून न थांबता जायचा. एवढंच. पेपरात गावाची अब्रू घालवली म्हणून. त्या दिवशी वाटेवर बाकीचेही होते, पण छापलेलं नाव तिचं एकटीचं होतं. तीन आठवडे तिनं वाट पाहिली आणि मुलीला घेऊन निघून गेली. कुठे, ते शेजाऱ्यालाही सांगितलं नाही.

"ताई, आपन तिचं नाव छापलं," पगारे म्हणाले.

त्या "आपन"चा मला राग आला. मी म्हटलं, "मग? खोटं होतं का? खरंच तर होतं."

"खरं हुतं," ते म्हणाले. "पन तिचं हुतं."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. ते नाव तिनं दिलंच नव्हतं. तिचे हात काट्यात होते, अशा वेळी तिला कसं विचारायचं, म्हणून पगारेंनी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं होतं. इतकी वर्षं हसवून, बसवून, पुन्हा पुन्हा विचारून नावं घेणाऱ्या माणसानं त्या एका दिवशी शेजाऱ्याला विचारलं.

पुढची दोन वर्षं ते पाकीट खाकी पिशवीत फिरत राहिलं. राहुरीचा बाजार, नेवाशाचा बाजार, श्रीरामपूर, जिथे कामाला जातील तिथे पगारे मजूर बायकांच्या घोळक्यात चौकशी करायचे. मधेच त्या फोटोला पुण्यातल्या एका संस्थेचं मोठं पारितोषिक जाहीर झालं. पगारे गेले नाहीत. "जिचा फोटू तिला आजून पोचला न्हाई, मला कसलं बक्षीस?" म्हणाले. मला तेव्हा ते नाटकी वाटलं होतं. मी तसं बोललेही. कचेरीतल्या भिंतीवर संपादकांनी त्या फोटोची मोठी चौकट लावली, ती पगारेंनी दुसऱ्या दिवशी उतरवून कपाटामागे ठेवली. यावरून बरीच बोलाचाली झाली. संपादक मोठे की पगारे, असा प्रश्न निघाला, आणि चौकट कपाटामागेच राहिली.

शेवटी ती सापडली राहुरीजवळच्या एका रोपवाटिकेत. प्लॅस्टिकच्या काळ्या पिशव्यांत माती भरत बसलेली. पगारेंनी तिला कसं ओळखलं? हातांवरून, म्हणाले. त्यांनी गुडघ्यावर बसून पाकीट पुढे केलं. तिनं फोटो काढून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग पुन्हा पाकिटात घालून परत दिला.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. ह्यात माजी आई रस्त्यावर पडलीय."

पगारेंनी माफी मागितली. नाव छापायला नको होतं, म्हणाले. त्यावर ती जे बोलली ते पगारेंनी मला शब्दन् शब्द सांगितलं, आणि नंतरही अनेकदा सांगितलं.

"छापलं म्हनून न्हाई ओ भाऊ. इचारलं न्हाई म्हनून. तुमी शेजारच्याला इचारलं. मी तितंच हुते की."

"इचारलं आसतं तर?"

"तर मी छापा म्हनले आसते. न्हाई कुनी सांगावं. पन मंग टेम्पो दारावरनं गेला तवा मला सवताला तरी म्हनता आलं आसतं, की बाई, तूच सांगितल्यालं हाय. आता दुसऱ्यानं सांगितल्यालं भोगतीय मी."

एवढं बोलून ती पुन्हा माती भरायला लागली. पगारेंनी त्या दिवशी चहा मागितला नाही.

त्यानंतर त्यांची पद्धत बदलली. नाव अजूनही हातावरच लिहायचे, पण आधी विचारायचे, आणि एकदा नाही, दोनदा. "नाव टाकू का? उद्या गावात काय हुईल त्याचा इचार करून सांगा. घाई न्हाई." मग चहा घेऊन झाल्यावर, निघताना, पुन्हा तेच. नको म्हटलं की नावापुढे फुली. काही वेळा फोटोवरच फुली पडायची. बिबट्यानं लेकरू उचललेल्या एका घरातला, हुंड्यासाठी परत पाठवलेल्या एका मुलीचा, असे कितीतरी फोटो त्यांच्या कॅमेऱ्याच्या कार्डांत राहून गेले. दुसऱ्या वर्तमानपत्रांत त्याच घरांचे फोटो मोठे-मोठे यायचे आणि आमचे संपादक तो अंक पगारेंसमोर आपटायचे. पगारे ऐकून घ्यायचे. मीच उलट बोलायला लागले होते. एका वर्षी मी संपादकांना म्हणाले, फुलीची जबाबदारी माझी, मला विचारा. माझ्यासारख्या नोकरी सांभाळणाऱ्या बाईनं असं बोलणं म्हणजे काय, ते डेस्कवर काम केलेल्यालाच कळेल. मला पगारेंबद्दल आदर वाटतो असं मी त्यांना कधी सांगितलं नाही. तो त्या दिवशी संपादकांना सांगून झाला.

खटला रेंगाळत राहिला, पण तहसील कचेरीत वाटेचा निकाल लागला. वाट जुनी आहे, ती खुली करावी. ज्या दिवशी ती खुली व्हायची होती त्या दिवशी मी पगारेंना म्हटलं, मी येते. ते बघतच राहिले. इतक्या वर्षांत डेस्क सोडून मी पहिल्यांदा निघत होते.

जेसीबीनं काट्या बाजूला सारल्या, मुरूम पसरला. अधिकाऱ्यांनी पंचनामा केला, पुढाऱ्यांनी फीत आणली होती ती कापली, शंभर मोबाईल वर झाले. पगारेंनी दोन फोटो काढले आणि कॅमेरा खाली घेतला. ती राहुरीहून एसटीनं आली होती. मुलगी आता कॉलेजात जाणारी, तिच्याबरोबर. गर्दीत कुणी तिला ओळखलं नाही. ओळखलं असेल तरी पुढे कुणी आलं नाही. गाड्या निघून गेल्या, धुरळा खाली बसला, तेव्हा ती वाटेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी, तिच्यात झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या.

पगारे जरा अंतरावर थांबले. आधी गुडघ्यावर बसले, मग काय वाटलं कोण जाणे, उठून उभे राहिले.

"काडू का?" त्यांनी विचारलं.

तिनं वळून पाहिलं. "न्हाई," म्हणाली.

पगारेंनी कॅमेऱ्याला टोपण लावलं आणि तो पिशवीत ठेवला. का म्हणून विचारलं नाही, दुसऱ्यांदाही विचारलं नाही. ती पुढे एकटीच वाटेनं चालायला लागली, मुलगी आणि आम्ही दोघं मागून. दोन्ही बाजूंना छातीएवढा ऊस, तिरपं ऊन, नवा मुरूम, आणि एकटी चालणारी बाई, त्या दिवशी जिथे हात रक्ताळले होते तिथून सरळ पुढे. मी फोटोग्राफर नाही, तरी मला डोळ्यांसमोर पाच फोटो दिसले. पगारेंना किती दिसले असतील? त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी पँटच्या शिवणीवर सारखी हलत होती. थोडं पुढे गेल्यावर तिनं पिशवी मागे धरली आणि मान न वळवता म्हणाली, "एवढी धरता का? पदर आवरते." पगारेंनी ती घेतली. मग स्मशानापर्यंत ते ती पिशवी घेऊन तिच्या मागे चालत गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रिकाम्या वाटेचा फोटो छापला. तो त्यांनी सगळ्यात आधी, गर्दी यायच्या अगोदर काढून ठेवला होता. "लिव्हा," म्हणून त्यांनी तळहात पुढे केला तेव्हा तो स्वच्छ होता. मी ओळ लिहिली: "वाट खुली झाली." इतकी छोटी फोटोओळ मी त्याआधी आणि त्यानंतर लिहिलेली नाही.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. स्मशानातून परतताना तिनं आम्हाला घरी चला म्हटलं. बंद घराचं कुलूप निघायला वेळ लागला. मुलीनं ओटा झाडला, शेजारून दूध आणलं. चहा आला तशी पगारेंची चुळबूळ सुरू झाली. मला कारण माहीत होतं.

"फोटू तर काडला न्हाई," ते म्हणाले. "चहा कसा घिऊ?"

"घ्या वो. आज पाव्हनं म्हनून आलाय तुमी."

पगारेंनी दोन्ही हातांनी कप धरला. त्यांना मी हजार वेळा चहा पिताना पाहिलंय, पण असं खाली मान घालून कधी नाही.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "ते पाकीट हाय का आजून?"

पिशवीच्या तळाशी होतं. कडा मऊ पडल्या होत्या, नाव मात्र वाचता येत होतं. तिनं ते घेतलं, उघडलं नाही. फळीवरच्या पत्र्याच्या डब्याखाली सारून ठेवलं. "भिंतीला न्हाई लावायची मी. पन घरात ऱ्हाऊ द्या. आईला वाट घावली आता."

आम्ही उठलो. पगारे चपला घालत होते तेवढ्यात तिनं मुलीकडून मोबाईल घेतला. पगारे त्यानंतर चारेक महिन्यांत निवृत्त झाले आणि कोल्हारला गेले. त्या चार महिन्यांतही त्यांच्याबरोबर काम केलं, फोटो पाहिले, फुल्या पाहिल्या. पण वामन पगारे म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ते त्या ओट्यापाशी उभे असतात, एक चप्पल पायात आणि एक बाहेर.

"भाऊ, तुमचं नाव काय ओ?" तिनं विचारलं. "इतकी वर्सं फोटूवालं भाऊच म्हनतीय."

"वामन. वामन पगारे."

ती एकेक अक्षर शोधत लिहायला लागली. मधेच थांबली, मोबाईलवरून नजर उचलली आणि सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "माज्या मोबाईलमदी टाकतीय हं नाव. टाकू ना?"

पगारेंनी नुसती मान हलवली. ती मात्र बोट तसंच धरून थांबली, त्यांनी तोंडानं "टाका" म्हणेपर्यंत.